लास व्हेगासहून एका दिवसात : वाचकांचे प्रश्न

मुंबईत आता इमारतीगणिक एखादे तरी घर असे असते, की ज्यातील मुलगा किंवा मुलगी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्थायिक झालेली आहे. आईवडील उन्हाळ्यात तिकडे जातात आणि त्या मुक्कामात लास व्हेगासची एक फेरी जवळजवळ ठरलेली असते. त्यामुळे या वेळी सदरासाठी निवडलेली सर्व पत्रे त्याच शहरासंबंधी आहेत. नेव्हाडा राज्यातील हे शहर मोहावे वाळवंटात वसलेले आहे. त्याच्या स्पॅनिश नावाचा अर्थ मात्र ‘कुरणे’ असा आहे, कारण जमिनीतून वर येणाऱ्या झऱ्यांमुळे तेथे एकेकाळी हिरवळ होती. १९०५ साली रेल्वेच्या सोयीसाठी तेथील भूखंडांचा लिलाव झाला आणि गाव उभे राहिले. जुगारगृहांविषयी आम्हाला कोणीही विचारलेले नाही, त्यामुळे तो विषय आम्हीही काढत नाही.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी दोघेही सत्तरीच्या उंबरठ्यावर आहोत. जूनच्या मध्यावर मुलगा आम्हाला तीन दिवसांसाठी लास व्हेगासला नेणार आहे. झगमगाट एका संध्याकाळपुरता पुरे, असे आम्हाला वाटते. शहराबाहेर आम्हाला झेपेल असे काय आहे? – एक वाचक, दादर

उत्तर : जून हा तेथे जाण्याचा महिना नव्हे, हे आधी स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. तापमान चाळीस अंशांच्या वर असणे ही तेथील नेहमीची गोष्ट आहे आणि ७ जुलै २०२४ रोजी तर ते ४८.९ अंश सेल्सिअसवर पोहोचले होते. मुंबईकराची येथे एक विशेष फसगत होते. आपल्याकडे उकाडा अंगाला चिकटतो, सदरा ओला होतो आणि पाणी प्यायला हवे हे शरीर आपणहून सांगते. तेथील कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो, त्यामुळे शरीरातील पाणी कमी होत असूनही आपल्याला काहीच होत नाही असे वाटत राहते आणि जाणवते तेव्हा चक्कर आलेली असते. तहान लागो वा न लागो, थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे आणि सकाळी दहानंतर उन्हात चालण्याचा कोणताही बेत ठेवू नये.

हे पथ्य पाळले तर दोन ठिकाणे आपल्यासाठी चांगली आहेत. पहिले रेड रॉक कॅनियन. हॉटेलांच्या मुख्य रस्त्यापासून ते पश्चिमेला जेमतेम सत्तावीस किलोमीटरवर आहे. आत २१ किलोमीटरचा एकदिशा वर्तुळाकार रस्ता असून तो सकाळी सहाला उघडतो. गाडीतून न उतरताही तांबडे-पिवळे कडे डोळे भरून पाहता येतात आणि मनात आले तर थांब्यांवर पाच-दहा मिनिटे उतरता येते. ऑक्टोबर ते मे या काळात प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करावी लागते, जूनमध्ये ती कटकट नाही. तांबड्या वालुकाश्माच्या डोक्यावर एक करडा थर बसलेला दिसेल, त्याकडे जरूर पाहावे. तो चुनखडक खालच्या वालुकाश्माहून कितीतरी जुना आहे. म्हणजे येथे वडीलधारा थर धाकट्याच्या खांद्यावर चढून बसला आहे, कारण भूकवचाच्या रेट्याने जुना खडक सरकत येऊन नव्यावर आरूढ झाला.

दुसरे ठिकाण माउंट चार्ल्सटन. वाळवंटाच्या कडेला ३,६३२ मीटर उंचीचे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच शिखर असेल, असे आपल्या मनातही येत नाही. शिखरावर चढण्याचा प्रश्न नाही. सुमारे तासाभरात गाडी पायथ्याच्या वस्तीत पोहोचते, तेथे पाइन वृक्षांची दाट सावली असते आणि हवा शहरापेक्षा दहा-बारा अंशांनी थंड असते. लास व्हेगासच्या रहिवाशांचे हे माथेरानच आहे, असे म्हणायला हरकत नाही. दुपारी तेथे जाऊन संध्याकाळी परतावे.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघे जाणार आहोत. ग्रँड कॅनियन एका दिवसात पाहून होते असे प्रवासी कंपनी सांगते, तर भाचा म्हणतो की ते ‘खरे’ ग्रँड कॅनियन नव्हे. काचेच्या पुलाचेही आकर्षण आहे. नेमके काय करावे? – एक वाचक भगिनी, मुलुंड

उत्तर : आपली प्रवासी कंपनी आणि आपला भाचा दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत, कारण ते दोन वेगवेगळ्या ठिकाणांविषयी बोलत आहेत. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे ‘ग्रँड कॅनियन पाहिले’ या वाक्याला ‘सह्याद्री पाहिला’ इतकाच अर्थ आहे. कोठून पाहिले, हे विचारावे लागते.

लास व्हेगासहून जवळचा तो पश्चिम कडा. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून नाशिकला जाऊन थोडे पुढे जावे तितके. हा प्रदेश राष्ट्रीय उद्यानात मोडत नाही. तो हुआलापाई या मूळनिवासी जमातीच्या मालकीचा असून पर्यटनाची व्यवस्थाही तीच पाहते, त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तेथे चालत नाही. काचेचा पूल याच कड्यावर आहे. २००७ साली खुला झालेला हा घोड्याच्या नालेच्या आकाराचा पूल दरीवर २१ मीटर पुढे झेपावतो आणि नदी तेथून हजार मीटरहून अधिक खाली आहे. पुलावर मोबाइल किंवा कॅमेरा नेता येत नाही आणि छायाचित्रे तेथील छायाचित्रकाराकडूनच विकत घ्यावी लागतात, हे मात्र आधी ठाऊक असावे. आमच्या मते पुलापेक्षा जवळचा ग्वानो पॉइंट अधिक पाहण्याजोगा आहे, कारण तेथे दरी तिन्ही बाजूंनी उघडते आणि काचेवर पाऊल टाकताना होणारी धडधडही नसते.

आपला भाचा ज्याला ‘खरे’ म्हणतो तो दक्षिण कडा. छायाचित्रांतून आपल्या परिचयाची झालेली, एकामागून एक रंगीत थरांची मालिका येथूनच दिसते. १९१९ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. पण लास व्हेगासहून ते सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर आहे आणि एका बाजूचा प्रवासच साडेचार तासांचा आहे. पहाटे मुंबईहून निघून कोल्हापूरच्याही पुढे जायचे, तीन तास हिंडायचे आणि त्याच रात्री घरी परतायचे, असा बेत आपण स्वप्नातही करणार नाही. परंतु अमेरिकेतील रस्ते चांगले आहेत या एका कारणावर तोच बेत आपल्याला शहाणपणाचा वाटू लागतो. प्रस्तुत लेखकाने ही एकदिवसीय बसयात्रा एकदा केली आहे. पहाटे पाचला हॉटेलच्या दाराशी उभे राहिलो, परतीच्या वाटेवर बस खरेदीच्या दुकानांपाशी तासभर अडकून पडली आणि कड्यावर मिळालेल्या वेळात अर्धे लक्ष घड्याळाकडे होते. सूर्यास्ताला दरीचे रंग बदलू लागतात, नेमक्या त्या वेळी आम्ही हमरस्त्यावर होतो.

म्हणून आमचा सल्ला असा. हाताशी एकच दिवस असेल तर पश्चिम कडा पाहावा आणि त्यात कमीपणा मानू नये. दक्षिण कडाच पाहायचा असेल तर एक रात्र तेथे काढावी. उद्यानाच्या वेशीवर तुसायान नावाचे गाव आहे, तेथे उतरता येते. किंवा विल्यम्स गावी राहून १९०१ साली सुरू झालेल्या रेल्वेमार्गाने कड्यापर्यंत जाता येते. कड्याची उंची सुमारे २,१०० मीटर असल्याने ऑक्टोबरात सकाळ-संध्याकाळ चांगलाच गारठा असतो, तेव्हा वाळवंट म्हणून लोकरीचे कपडे घरी ठेवू नयेत.

खर्चाचीही एक बाब आहे. २०२६ च्या आरंभापासून ग्रँड कॅनियन, झायन आणि ब्राइस यांसह अकरा राष्ट्रीय उद्यानांत, अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या प्रौढ पर्यटकांना वार्षिक पास नसेल तर नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज माणशी १०० डॉलर द्यावे लागतात. अशा पर्यटकांसाठी वार्षिक पासची किंमत २५० डॉलर आहे, तर रहिवाशांना तोच पास ८० डॉलरना मिळतो. आपण चौघे आहात, तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी ही आकडेमोड कागदावर करून पाहावी.

दक्षिण कड्यावर गेलातच तर एक गंमत अवश्य पाहावी. दरीच्या पोटातून वर आलेल्या सुळक्यांना तेथे ‘विष्णू टेंपल’, ‘शिवा टेंपल’ अशी नावे आहेत. क्लॅरेन्स डटन या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास ती दिली. निरनिराळ्या संस्कृतींतील देवतांची नावे अशा आकारांना शोभतील असे त्याला वाटले होते. पुढे ब्रह्मा, राम आणि कृष्णही त्या पंक्तीत येऊन बसले. दरीच्या तळाशी असलेल्या काळसर रूपांतरित खडकालाही विष्णूचेच नाव असून त्याचे वय सुमारे १७० कोटी वर्षे आहे. आपला सह्याद्री ज्या लाव्हारसातून घडला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे तळाच्या या विष्णू खडकाच्या पुढ्यात आपला कोकणकडा अगदी तान्हे बाळ ठरतो.

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. हूवर धरण पाहण्याची फार दिवसांची इच्छा आहे, पण सहप्रवासी म्हणतात की धरणात काय पाहायचे? त्यांची समजूत कशी घालावी? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : समजूत घालण्याच्या भानगडीत न पडता त्यांना सोबत न्यावे. शहरापासून धरण सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, त्यामुळे अर्धा दिवस पुरतो. धरणाशेजारी नदीपासून सुमारे २७० मीटर उंचीवर २०१० साली खुला झालेला पूल आहे. त्याच्या पदपथावरून संपूर्ण धरण एका नजरेत मावते आणि ते दृश्य पाहून कुरकुर करणारा सहप्रवासी आम्हाला तरी अजून भेटलेला नाही.

आपल्यासारख्यासाठी खरा ऐवज धरणाच्या पोटात आहे. काम १९३१ साली सुरू झाले आणि ३० सप्टेंबर १९३५ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी धरणाचे लोकार्पण केले. उंची २२१ मीटर, म्हणजे आपल्या भाक्रापेक्षा पाच मीटर कमी; पायाशी जाडी सुमारे २०० मीटर आणि माथ्यावर अवघी चौदा मीटर. सुमारे २५ लाख घनमीटर काँक्रीट येथे ओतले गेले. इतके काँक्रीट एकसंध ओतले असते तर घट्ट होताना निर्माण होणारी उष्णता आतच कोंडून राहिली असती आणि भिंतीला तडे गेले असते, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून ते स्वतंत्र ठोकळ्यांत ओतले, प्रत्येक ठोकळ्यात नळ्या बसवून त्यांतून गार पाणी खेळवले आणि काँक्रीट निवल्यावर त्या नळ्या व सांधे पातळ सिमेंटने भरून टाकले. वीजनिर्मितीची क्षमता सुमारे २,०८० मेगावॅट आहे. आपल्या कोयनेची १,९६० मेगावॅट लक्षात घेतली, तर दोन्ही प्रकल्प जवळजवळ एकाच तोलाचे ठरतात.

कामगार काँक्रीटमध्ये जिवंत गाडले गेल्याची कथा तेथेही सांगितली जाते. ती खरी नाही. मात्र अधिकृत नोंदीप्रमाणे या कामावर ९६ जणांचा मृत्यू झाला. जलाशयाच्या काठच्या खडकांवर पाण्याच्या जुन्या पातळीची पांढरी रेघ स्पष्ट दिसते. २००० सालानंतर पाणी कसे खालावत गेले, याचा हिशेब त्या एका रेघेत वाचता येतो आणि पाटबंधारे खात्यातील माणूस तेथे काही वेळ गप्प उभा राहील, असा आमचा अंदाज आहे.

आतील बोगद्यांपर्यंत नेणाऱ्या फेरीच्या जागा मर्यादित असतात, तेव्हा सकाळी लवकर पोहोचावे. अरुंद, बंदिस्त जागेत गुदमरणाऱ्यांनी केवळ वीजगृहाची फेरी घ्यावी.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत दहा आणि तेरा वर्षांच्या मुलांसह जात आहोत. झायन आणि डेथ व्हॅली यांपैकी एकच जमेल. कोणते निवडावे? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : नि:संशय डेथ व्हॅली. झायन अधिक देखणे आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण ते युटा राज्यात असल्याने तेथील घड्याळ एक तास पुढे असते. अडीच-तीन तासांचा प्रवास, त्यात हा हरवलेला तास आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळणारा सूर्य एवढे जमेस धरले तर दुपारच्या चार घटका उरतात. डेथ व्हॅली कॅलिफोर्नियात असल्यामुळे घड्याळाचा घोळ नाही, गाडीने दोन तास लागतात आणि वर सांगितलेल्या अकरा उद्यानांत तिचा समावेश नाही.

नावाने घाबरू नये. १० जुलै १९१३ रोजी येथील फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि उन्हाळ्यात येथे न फिरकणेच शहाणपणाचे. पण डिसेंबरातील दुपार आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्यासारखी असते. बॅडवॉटर हा मिठाचा पांढराशुभ्र पसारा समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. गाडीतून उतरून मुलांना मागच्या कड्याकडे पाहायला सांगावे. तेथे खूप उंचावर समुद्रसपाटी दाखवणारी एक पाटी लावलेली आहे. जन्मापासून समुद्राच्या काठी राहिलेल्या मुलांना समुद्र आपल्या डोक्यावर असू शकतो, ही कल्पनाच पुढे कितीतरी दिवस पुरेल. जाताना झॅब्रिस्की पॉइंटला थांबावे आणि परतताना आर्टिस्ट्स ड्राइव्हच्या रस्त्यावरील हिरवे-गुलाबी डोंगर पाहावेत. पेट्रोल वाटेतील पारंप गावातच भरून घ्यावे. खोऱ्यात बहुतेक ठिकाणी मोबाइलला संपर्क मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

प्रश्न : दुबईप्रमाणे तेथे उंटावरची सफर आणि वाळूच्या टेकड्यांवरची सफारी असते का? – एक वाचक, अंधेरी

उत्तर : लास व्हेगासभोवतीचे वाळवंट मुख्यतः खडकाळ आणि झुडपांचे आहे. वाळूच्या टेकड्या पाहायच्या असतील तर डेथ व्हॅलीतील मेस्किट फ्लॅटला जावे, तेथे पायी हिंडता येते. उंटांविषयी एवढेच सांगता येईल, की अमेरिकी सैन्याने १८५७ साली मोहावेच्या दिशेने उंटांचा तांडा नेऊन पाहिला होता; पुढे तो प्रयोग सोडून देण्यात आला.