तारीख सगळे विचारतात, किती जातं ते कोणी विचारत नाही

गौरी-गणपती आटोपले की लेकीच्या पाळीची काळजी घेऊन आमच्याकडे समुपदेशनाला दोन-तीन आया तरी येतातच. यंदाची ही एक. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. पहिली पाळी गेल्या दिवाळीत आली. नंतर कधी चोवीस दिवसांनी, कधी अठ्ठावन्न. गौरींच्या जेवणात अडचण नको म्हणून आईने मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणून दिल्या, डॉक्टरांना न विचारता. गोळ्या थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी पाळी आली ती थांबेचना. "मॅडम, माझ्यामुळे बिघडलं का हो हिचं? पुढे मूलबाळ होईल ना? शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पीसीओडी (बीजकोशाशी संबंधित एक विकार) असणार, सोनोग्राफी करून घ्या."

माझी पाळी घड्याळासारखी, हे आईने दोनदा सांगितलं. म्हणजे लेकीचीही अठ्ठावीस दिवसांनी यायला हवी!

पहिल्या एक-दोन वर्षांत मेंदू आणि बीजकोश यांचा ताळमेळ बसलेला नसतो. बऱ्याच महिन्यांत बीज सुटतच नाही, मग पाळी पुढेमागे होते. पहिल्या वर्षात अठ्ठावन्न दिवसांचं अंतर मला घाबरण्यासारखं वाटत नाही. मध्ये नव्वद दिवस कोरडे गेले, किंवा पंधरावं सरलं तरी पाळी आलीच नाही, तर मात्र डॉक्टर गाठायचे. सोनोग्राफीचं म्हणाल, तर या वयात बीजकोशात बऱ्याच गाठोळ्या दिसणं नेहमीचंच. तेवढ्यावरून पीसीओडीचा शिक्का मारत नाहीत.

गोळ्या बंद केल्यावर दोन-चार दिवसांत पाळी येते, ते अपेक्षितच असतं. तेव्हा आईने काही कायमचं बिघडवलं नव्हतं. फक्त पुढच्या वेळी विचारल्याशिवाय नाही, एवढं कबूल करून घेतलं.

मग आईला बाहेर बसवलं. मुलगी सगळा वेळ ओढणीचं टोक पिळत होती.

"पॅड किती वेळाने बदलतेस गं?"

"दोन तास पण टिकत नाही. शाळेत दोन-दोन लावते." आणि हळूच, "मागच्या वेळेलाही दहा दिवस होतं. आईला पाचच सांगितले."

का, तर आई रागावेल. आणि बाजूला बसायचे दिवस वाढतील.

खरी काळजी इथे होती. बीज सुटलं नाही की गर्भाशयाचं अस्तर सांभाळणारं संप्रेरक तयार होत नाही. अस्तर नुसतं वाढत राहतं, मग अवेळी, भरभरून आणि रेंगाळत जातं. सात दिवसांपेक्षा जास्त जाणं किंवा तास-दोन तासांत पॅड भिजणं, ही उशिरा येण्यापेक्षा मोठी तक्रार. मी समुपदेशक, गोळ्या लिहिणं माझं काम नाही. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन दोघींना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ९.२ निघालं, या वयात किमान १२ हवं. थायरॉइड ठीक होतं. रक्तस्राव थांबवायचं औषध आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

महिन्याने आल्या तेव्हा वहीच्या मागच्या पानावर तारखेपुढे पॅडचे आकडे होते. डॉक्टरांनी घरात कोणाला जास्त जातं का असंही विचारलं होतं, कारण रक्त नीट न गोठण्याचा दोष घराण्यातून येऊ शकतो. आई तेव्हा नाही म्हणाली होती. आता लेक पाणी प्यायला गेली तशी खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "मॅडम, मलाही नऊ-दहा दिवस जायचं. मला वाटायचं, सगळ्यांनाच जातं."

मी दुसरी चिठ्ठी लिहायला घेतली, तिच्या नावाची.