नेपरव्हिलला यावे का, असे विचारलेत म्हणून

सप्रेम नमस्कार.

तुमची कंपनी तुम्हाला पुण्याहून शिकागोला पाठवू पाहते आहे, पत्नी शाळेत शिक्षिका आहेत, मुलगी सात वर्षांची आहे, आणि नेपरव्हिल या उपनगरात बिऱ्हाड केले तर तेथील लोक आम्हाला आपले म्हणतील का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे नियम, शाळांची गुणवत्ता आणि घरभाड्याचे आकडे तुम्ही पाहिलेलेच दिसतात, म्हणून त्यांत मी शिरत नाही. मी 2010 च्या ऑगस्टमध्ये सांगलीहून येथे आले, तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. तुमचा प्रश्न वाचल्यापासून त्या वर्षातल्या गोष्टी डोक्यातून जात नाहीत, तेव्हा उत्तर लांबले तर राग मानू नये.

लोक चांगले आहेत, हे आधी सांगून टाकते. 2011 च्या फेब्रुवारीत दोन दिवसांत वीस इंचांहून अधिक बर्फ पडला, आणि आमच्याकडे तोवर साधे फावडेही नव्हते, तेव्हा समोरच्या वृद्ध गृहस्थांनी स्वतःचे यंत्र आणून आमच्या गॅरेजपुढचा रस्ता न सांगता मोकळा करून दिला. गावाच्या मधून डुपेज नदी वाहते. तिच्या काठचा फिरायचा रस्ता गावाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, 1981 मध्ये, गावकऱ्यांनी स्वतः राबून तयार केला, आणि गावाचा स्वभाव अजून तसाच आहे. शेजारच्या अरोरात बालाजीचे देऊळ आहे, ज्वारीचे पीठ आणि कढीपत्ता मिळतो, महाराष्ट्र मंडळाचा गणपती बसतो. कोणी तुम्हाला तोंडावर वाईट बोलेल, ही भीती मनात असेल तर ती बऱ्याच अंशी काढून टाका.

मला त्रास झाला तो वाईटपणाचा नाही, या चांगुलपणाचाच झाला. शाळेत नाव घालताना एक छोटा कागद भरावा लागतो, ज्यात घरी इंग्रजीखेरीज दुसरी कोणती भाषा बोलली जाते का, असे विचारलेले असते. मी मोठ्या अभिमानाने ‘मराठी’ असे लिहिले. त्या एका शब्दावरून मुलीची इंग्रजीची चाचणी ठरली. ती सांगलीत इंग्रजी माध्यमात शिकत होती आणि गोष्टींची पुस्तके घडाघडा वाचत होती, पण येथे ‘झी’ म्हणतात त्या अक्षराला ती ‘झेड’ म्हणाली, चित्रातल्या लोकरी हातमोज्याला काय म्हणतात ते तिला आले नाही (सांगलीत हातमोजे कोण घालतो?), आणि अनोळखी बाईंसमोर ती मुळातच गप्प राहणारी होती. तिला इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटात घातले गेले, आणि पुढची तीन वर्षे रोज पाऊण तास तिला वर्गातून उठवून एका लहान खोलीत नेले जाई. त्या वेळी वर्गात बहुधा विज्ञान चाललेले असे.

मी भेटायला गेले तेव्हा बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले, मुलीचे तोंडभरून कौतुक केले, आणि आम्ही तिला मदतच करतो आहोत, असे इतक्या प्रेमाने सांगितले की माझा आवाजच निघाला नाही. आपल्याकडे शाळेत भांडता येते, कारण समोरचाही भांडतो. येथे समोरची व्यक्ती हसून तुमचे सगळे ऐकून घेते, आभार मानते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पूर्वीसारखे चालू राहते. मी सांगलीच्या महाविद्यालयात नऊ वर्षे शिकवलेली बाई, पण त्या खोलीतून थँक्यू म्हणून बाहेर पडले. घरी आल्यावर तो राग नवऱ्यावर निघाला, आणि तोही अन्यायच होता.

पालकांनी लेखी कळवले तर मुलाला त्या गटातून काढून घेता येते, असा येथे, इलिनॉय राज्यात, नियमच आहे. तो मला दोन वर्षांनी, मराठी शाळेच्या जिन्यात दुसऱ्या एका आईकडून समजला. तोपर्यंत मुलीने स्वतःचा निष्कर्ष काढला होता. एके दिवशी शाळेच्या दारात मी तिला डबा संपवलास का, असे विचारले, तेव्हा ती इकडेतिकडे पाहून इंग्रजीत म्हणाली, की येथे मराठीत बोलू नकोस, नाहीतर मला आणखी एक वर्ष त्या खोलीत ठेवतील. शाळेने तिला असे कधीच सांगितले नव्हते, हे मी न्यायाने नमूद करते. ती सहा-सात वर्षांची मुलगी होती, आणि दोन गोष्टींची सांगड तिने आपल्या परीने घातली.

कागदपत्रांबद्दल आता थोडे, कारण हे येण्यापूर्वीच करण्यासारखे आहे. घरातील प्रत्येकाचा जन्मदाखला नावासहित काढून घ्या. माझ्या दाखल्यावर माझे नाव नव्हते, नुसते ‘स्त्री’ आणि वडिलांचे नाव होते. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी त्यापायी आमच्या सत्तरी ओलांडलेल्या आत्यांना प्रतिज्ञापत्रासाठी इस्लामपूरच्या नोटरीकडे दोनदा जावे लागले, कारण पहिल्या वेळी तारखेत एक आकडा चुकला. मुलीच्या लसींच्या नोंदीत महिना अक्षरी लिहून घ्या, नाहीतर तीन एप्रिल येथे चार मार्च होतो आणि दिलेली लस पुन्हा टोचली जाते. क्षयाची चाचणी सांगितली तर त्वचेवरची न करता रक्ताची मागा. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी उगाच होकारार्थी येऊ शकते, आणि मग छातीचा एक्स-रे होईपर्यंत आईबापांच्या तोंडचे पाणी पळते. शिवाय घर ठरवण्यापूर्वी त्या पत्त्याला कोणती शाळा येते, ते विचारा. गावाचा काही भाग 203 क्रमांकाच्या शाळाजिल्ह्यात आणि काही 204 मध्ये आहे, आणि सीमा अशा वळणाने जातात की समोरासमोरची दोन घरे वेगळ्या शाळांची असू शकतात.

पत्नीच्या नोकरीविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. ती मला खटकली. कंपनी तुम्हाला एल-वनवर (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) पाठवते आहे की एच-वनवर (विशेष कौशल्याच्या नोकरीचा व्हिसा), हे आजच विचारा. एल-वन असेल तर पत्नींना लगेच काम करता येते; एच-वन असेल तर ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेतील कंपनीचा अर्ज मंजूर होईपर्यंत त्यांना साधी शिकवणीही पैसे घेऊन करता येत नाही. मी आले तेव्हा तर ती सोयही नव्हती, ती 2015 मध्ये झाली. मधली पाच वर्षे मी काय केले, असे कोणी विचारले की मी मुलगा झाला, असे सांगते, आणि तेही खोटे नाही. दुसरे म्हणजे मुलीचे एकविसावे वर्ष आजच मोजा. देशनिहाय सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे ग्रीन कार्डासाठी भारतीयांची रांग अतिशय लांब आहे, आणि एकविसाव्या वर्षी मूल सामान्यतः आईबापांच्या अर्जावरून उतरते. सात वर्षांची मुलगी म्हणजे तुमच्या हातात चौदा वर्षे आहेत. ती पुरेशी वाटतात, पण वाटतात तेवढी ती नाहीत. आम्ही 2012 मध्ये रांगेत लागलो आणि 2022 मध्ये सुटलो, तेव्हा मुलीला अठरा पूर्ण झाली होती.

एकटेपणाबद्दल तुम्ही तीनदा विचारले आहे. तो येतो. गाडी चालवायला शिका, जानेवारीतही रोज घराबाहेर पडा, मंडळात नुसते जेवायला न जाता खुर्च्या मांडायला जा. याहून अधिक त्यात काही नाही.

आता जे सांगायचे नव्हते ते सांगते. मुलगा 2018 मध्ये शाळेत जाऊ लागला, तेव्हा तोच कागद पुन्हा समोर आला, आणि त्या ओळीवर मी ‘फक्त इंग्रजी’ असे लिहिले. त्या दिवशी ते खोटे होते, कारण मुलगा तोपर्यंत आजीशी फोनवर मराठीत भांडत असे. त्याला कोणीही वर्गातून उठवले नाही, सगळे सुरळीत झाले, आणि दोन वर्षांत ते वाक्य खरे झाले. मुलीला मराठी समजते, पण ती उत्तर इंग्रजीत देते. मुलाला समजतही नाही. गंमत अशी की हेच राज्य शाळा संपताना इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा उत्तम येणाऱ्या मुलांच्या प्रमाणपत्रावर खास मोहोर उमटवते. मंडळातील ओळखीच्या एका मुलाला ती मिळाली, तेव्हा मी त्याच्या आईचे अभिनंदन केले आणि गाडीत बसून बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

तेव्हा यावे की नाही, हे मी सांगू शकत नाही. मला परत जायचे आहे का, असे तुम्ही उलट विचारलेत तर नाही, असे मी म्हणेन, आणि ते लगेच म्हणता येते याचेच मला वाईट वाटते. आलात तर त्या ओळीवर ‘मराठी’ असेच लिहा. चाचणी होऊ द्या, आणि निकाल पटला नाही तर भेटायला जाण्याआधी लेखी पत्र द्या, कारण भेटीत तुम्ही विरघळाल. तशा पत्राचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, हवा असल्यास पाठवते. मी तो 2012 च्या नोव्हेंबरमध्ये लिहिला होता, पर्समध्ये घालून पालकसभेलाही नेला होता, पण बाईंनी त्या दिवशी मुलीने काढलेले चित्र मला भेट दिले, आणि पत्र तसेच घरी परत आले.