कडी-कोयंडा : तुमचा कोड कुणाकुणाला माहितीय?

गेल्या वेळी लॅचच्या चाव्यांवर लिहिलं आणि यावेळी ढीगभर प्रश्न आले ते सगळे बटणं दाबून उघडणाऱ्या दारांचे. गॅरेजचं शटर, लॉबीचा दरवाजा, फ्लॅटचं डिजिटल लॉक. मी २५ वर्षं मुंबईत कुलपं बसवतोय, पूर्वी लोक विचारायचे चावी हरवली तर काय, आता विचारतात कोड विसरला तर काय. कोड फुटला तर काय, हे फार कमी जण विचारतात. चावी हरवली की कळतं तरी, कोड दुसऱ्याकडे गेला तरी तो तुमच्याकडेही असतोच, त्यामुळे काही गेलंय असं वाटतच नाही.

प्रश्न : दादा, चेंबूरला आमचं सासऱ्यांच्या वेळचं बैठं घर आहे. बाजूला गॅरेज, त्याला मोटरचं शटर आणि बाहेर भिंतीवर कीपॅड. चार आकडी कोड, बसवला तेव्हापासून तोच, आमच्या लग्नाचं साल. मुलगा म्हणतो, आई चार आकड्यांचे दहा हजार कोड होतात, कोण बसणारे दाबत! पण मागच्या गल्लीत चोरी झाल्यापासून मला झोप नाही. बदलू का? आणि कसला ठेवू? (वाचक, चेंबूर)

उत्तर : ताई, आधी तर तुमचं अभिनंदन, कारण मुंबईत गॅरेज म्हटलं की लोकांना मेकॅनिक आणि ग्रीसचे हातच आठवतात. २०१६ च्या रेरा कायद्यात गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली गाडीची जागा असं लिहिलंय, तसं खरंखुरं गॅरेज असलेली माणसं या शहरात बोटावर मोजण्याइतकी.

आता कोड. मुलाचं गणित बरोबर आहे, ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजारच होतात, पण चोर काही दहा हजारातून सुरुवात करत नाही. लग्नाचं साल म्हणजे पुढे १९ किंवा २०, उरले दोन आकडे, म्हणजे झाले दोनशे, आणि तुमच्या मुलाचं वय बघून कोणीही त्यातले पंधरा-वीस सोडून बाकीचे खोडेल. तारीख-महिना ठेवला तरी ३६६ च्या वर जात नाही. आणि १२३४ बद्दल तर बोलूच नका, २०१२ साली निक बेरी नावाच्या माणसाने फुटलेल्या पासवर्डांतले चार आकडी कोड मोजले होते तर दहातला एकापेक्षा जास्त कोड चक्क १२३४ निघाला. त्याच्या मागोमाग ११११.

दुसरं म्हणजे आज संध्याकाळी चष्मा लावून कीपॅडजवळ जा आणि तिरक्या उजेडात बटणं बघा. इतकी वर्षं तोच कोड असेल तर ती चार बटणं गुळगुळीत झालेली असणार, आकडे पुसट, कडेला बोटाचा मळ, बाकीची सहा मात्र कोरी करकरीत. चार वेगळी बटणं झिजलेली दिसली की कोड फक्त २४ उरतात, म्हणजे शांतपणे दाबले तरी दोन-तीन मिनिटांचं काम. गंमत अशी की एक आकडा दोनदा वापरला, म्हणजे तीनच बटणं झिजली, तर २४ चे ३६ होतात. लोकांना उलटं वाटतं. पण ३६ म्हणजे पण काय मोठं, त्यामुळे खरा उपाय सहा आकडी कोड आणि तो दर सहा महिन्यांनी बदलणं, म्हणजे झीज सगळीकडे सारखी होते. सहा आकडी कोड दहा लाख होतात. तुमच्या कीपॅडला चारच आकडे चालत असतील तर निदान साल-तारीख-गाडीचा नंबर सोडून काहीतरी ठेवा, आणि चार-पाच वेळा चुकीचा कोड दाबल्यावर तो काही वेळ बंद पडतो का ते आजच मुद्दाम चुकवून बघा. बंद पडत नसेल तर कीपॅडच बदला, माझं स्पष्ट मत.

हे का सांगतो तर काही जुन्या स्वस्त कीपॅडना 'एंटर'चं बटणच नसतं, ते नुसते शेवटचे चार आकडे बघत राहतात. शाळेत वृत्तं शिकताना 'यमाताराजभानसलगा' पाठ केलेलं आठवतंय? य गण यमाता, म गण मातारा, त गण ताराज, असं एकेक अक्षर पुढे सरकत दहा अक्षरांत आठही गण बसतात, एरवी तीन-तीन अक्षरांचे आठ गण लिहायला चोवीस अक्षरं लागली असती. अगदी तीच युक्ती कीपॅडला लागू पडते. दहा हजार कोड सुटे दाबायचे तर ४०,००० वेळा बटण दाबावं लागेल, तेच आकडे एकमेकांत गुंफून दाबले तर १०,००३ वेळा. आमच्या बाईंनी छंद शिकवताना हे सांगितलं असतं तर मराठीत मी नापास नसतो झालो.

आता हाताने दहा हजार बटणं दाबत कोणी तुमच्या दारात पावणेतीन तास उभं राहणार नाही, कबूल. पण यंत्र राहतं. त्यासाठी तुमचं रिमोट उघडून बघा. आत बारीक बारीक खटके असतील, आठ किंवा बारा, वर-खाली करायचे, तर ते फिक्स्ड कोडचं, म्हणजे दर वेळी एकच कोड सोडणारं रिमोट आहे. बारा खटक्यांचे फक्त ४,०९६ कोड होतात. २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकन माणसाने लहान मुलांच्या मेसेज पाठवायच्या एका खेळण्यात फेरफार करून, हीच गुंफण्याची युक्ती वापरून, असली गॅरेजं दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवली होती. खटके नसले म्हणजे सुटलो असंही नाही, बाजारातली बरीच स्वस्त रिमोटं बिनखटक्याची असतात पण कोड तोच तोच सोडतात, आणि अशा रिमोटची कॉपी चावीवाल्याकडे काही मिनिटांत होते, मी स्वतः करून देतो ना. म्हणून मोटरवाल्याला एकच प्रश्न विचारा, "रोलिंग कोड आहे का?" रोलिंग कोड म्हणजे दर वेळी बटण दाबलं की वेगळा कोड जातो आणि वापरलेला कोड परत चालत नाही. तो नुसता "हो हो एकदम सेफ" म्हणाला तर समजा नाहीये.

आणि हे सगळं करून झाल्यावर गॅरेजमधून स्वयंपाकघरात उघडणारं दार बघा. असतंच ते, आणि त्याला नेहमी नुसती कडी असते. तिथे चांगलं लिव्हरचं कुलूप लावा, त्याला शटरच्या आधी पैसे खर्च करा. रात्री शटरला बाजूची दोन कुलपंही लावत चला, मोटर आहे म्हणून ती गंजत पडलेली असतात. मोटरचं शटर लाइट गेल्यावर साखळीने किंवा हँडलने हाताने उचलता येतं, ते हँडल शटरच्या बाहेर खुंटीला टांगून ठेवलेलं मी चेंबूरलाच बघितलंय!

प्रश्न : रिमोट गाडीतच ठेवतो, डॅशबोर्डच्या कप्प्यात. चालेल ना? (वाचक, मुलुंड)

उत्तर : नाही. त्याच कप्प्यात आरसी पण असणार, आरसीवर घरचा पत्ता. म्हणजे पत्ता आणि चावी एका पाकिटात. रिमोट चावीच्या जुडग्याला लावा, आणि आरसी डिजिलॉकरमध्ये ठेवा, ती २०१८ पासून चालते.

प्रश्न : आमची कांदिवलीची सोसायटी, दोन विंग, ८४ फ्लॅट. लॉबीला कोडचा दरवाजा केला. महिन्याभरात कोड सगळ्या जगाला माहीत, दर महिन्याला बदलला तर म्हातारी माणसं पावसात बाहेर उभी आणि शिव्या मला. शेवटी कोणीतरी कीपॅडशेजारी भिंतीवर पेन्सिलने कोडच लिहून ठेवला. काय करू? (एक त्रासलेला सेक्रेटरी)

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, पेन्सिलवाल्याला शोधू नका, तो बहुतेक कमिटीतलाच असेल. आपल्याकडे गोष्ट षट्कर्णी झाली की गुपित संपलं असं म्हणतात, तुमच्याकडे ८४ घरं, घरटी चार माणसं, वर कामवाल्या मावश्या, दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, ट्यूशनची पोरं. एक कोड एवढ्या लोकांत गुपित राहीलच कसा. त्यात लोक डिलिव्हरीच्या ॲपमध्ये पत्त्याखाली सरळ लिहून ठेवतात 'लॉबी कोड अमुक, वॉचमन झोपला असेल तर', आणि तो मजकूर प्रत्येक ऑर्डरबरोबर नव्या माणसाकडे जातो. पुढच्या एजीएमला बाकी काही नाही झालं तरी चालेल, सगळ्यांना तिथल्या तिथे मोबाइल काढून ती ओळ पुसायला लावा.

माझं ऐकाल तर एकच कोड ही पद्धतच बंद करा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये, म्हणजे कोड तपासून दार उघडणाऱ्या यंत्रात, शंभरेक वेगवेगळे कोड बसतात, प्रत्येक फ्लॅटला वेगळा द्या. ६०२ चा कोड फुटला तर ६०२ चाच बदलायचा, बाकी ८३ घरांना काही कळायचंही कारण नाही. आणि रात्री दोनला कुठल्या फ्लॅटच्या कोडने दार उघडलं ते नोंदीत दिसतं, मग लोक आपोआप जपून वागतात, हे मी तीन-चार सोसायट्यांत पाहिलंय. ज्येष्ठांना कोड देऊच नका, त्यांना टॅग द्या, चावीला अडकवायचा बिल्ला, टेकवला की दार उघडलं. दूध-पेपरवाल्यांचा कोड सकाळी ५ ते ८ एवढ्याच वेळात चालेल असा लावून घ्या. भाडेकरू गेला, ड्रायव्हर बदलला की त्याच दिवशी तो कोड उडवायचा, हे काम वॉचमनकडे देऊ नका, दोन माणसं नेमा. आणि मास्टर कोड, म्हणजे ज्याने बाकीचे सगळे कोड बदलता येतात तो! लावणाऱ्या माणसाने कंपनीचा तसाच ठेवलेला असतो, बरेचदा १२३४५६ किंवा असलंच काहीतरी, पुस्तिकेत छापलेलं. तो आधी बदला, नाहीतर ८४ कोड काय आणि ८०० काय.

एवढं करूनही एक गोष्ट राहतेच. आपण दार उघडल्यावर मागून हातात पार्सल घेऊन येणाऱ्यासाठी आपणच दार धरून ठेवतो, मुंबईचा चांगुलपणा. त्यावर कुठलंही कीपॅड चालत नाही. लॉबीचा दरवाजा फक्त गर्दी थोपवतो, चोरासाठी आपापल्या फ्लॅटचं दार आणि सेफ्टी डोअर. आणि आग लागली तर आतून कोड न दाबता दार उघडलंच पाहिजे, लाइट गेली तरी, हे लावणाऱ्याकडून मेन स्विच पाडून समोर करून दाखवून घ्या.

प्रश्न : आईबाबा दादरला दोघंच असतात, मी पुण्यात. डिजिटल लॉक बसवलंय पण बाबा कोड विसरतात म्हणून आईने कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. शिवाय बॅटरी संपली तर काय ही धास्ती. (वाचक)

उत्तर : कॅलेंडरवर असू दे, फक्त उघडा नको. एखाद्या खोट्या फोन नंबरमध्ये शेवटचे सहा आकडे करून 'गॅसवाला' म्हणून लिहून ठेवा, आईंना तेवढं कळेल. बोटाचा ठसा बाबांसाठी सोपा वाटतो, पण या वयात बोटांच्या रेषा झिजतात, दोन-तीन बोटं नोंदवा आणि तरी एक टॅग द्याच. मावशींना वेगळा कोड, त्यांच्या वेळेपुरता. बाहेर पाहुण्यांसमोर कोड दाबायचा असेल तर बऱ्याच लॉकमध्ये खऱ्या कोडच्या आधी-नंतर वाट्टेल ते आकडे दाबता येतात, मधे खरा कोड सलग आला की उघडतं, ते आईंना शिकवा, त्यांना मजा येईल.

बॅटरीचं म्हणाल तर आत साधे पेन्सिल सेल असतात, चार किंवा आठ. अल्कलाइन घाला, चार्जिंगचे घालू नका, त्यांचा व्होल्टेज मुळात कमी असल्याने लॉक उगाच ओरडत राहतं. सगळे एकदम बदला, नवे-जुने मिसळू नका, आणि मी तर सांगतो मेअखेरीस बदलून टाका, पावसाच्या आधी. बाहेरून चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची किंवा मोबाइलची वायर लावायची सोय असते, शिवाय एक साधी चावी मिळते. ती चावी लोक कुठे ठेवतात? घरात, कपाटात!

हसू नका, मी पण तेच केलं होतं. दोन वर्षांपूर्वी जुलैत माझ्याच घराचं लॉक महिनाभर टूं टूं करत होतं आणि मी रोज उद्या बदलू म्हणत होतो, एके रात्री साडेदहाला ते गप्पच झालं, मी आणि बायको भिजलेल्या छत्र्या घेऊन जिन्यात, चावी आत, नऊ व्होल्टची बॅटरी शोधायला मी तीन दुकानं फिरलो, शेवटी शेजाऱ्यांच्या स्मोक अलार्ममधली काढून आणली. बायको अजून गिऱ्हाइकांना सांगते. तर ती चावी शेजारच्या विश्वासातल्या घरी ठेवा, आणि त्यांची तुमच्याकडे.

प्रश्न : घरफोडीचा विमा आहे, मग एवढी काळजी कशाला? (वाचक, विले पार्ले)

उत्तर : पॉलिसी काढा आणि बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच घरफोडीच्या पॉलिसीत चोर जबरदस्तीने, तोडफोड करून शिरला पाहिजे अशी अट असते. कोणी बरोबर कोड दाबून आला आणि दार ओढून घेऊन गेला तर कडी तुटलेली नाही, चौकटीला ओरखडा नाही, सर्व्हेअरला दाखवणार काय? त्यामुळे एजंटला फोनवर न विचारता मेलवर विचारा, 'कोड वापरून चोरी झाली तर भरपाई मिळेल का', आणि उत्तर जपून ठेवा. लॉकच्या ॲपमधली उघड-बंदची नोंद चालू ठेवा, घडलंच काही तर तिचा स्क्रीनशॉट लगेच काढा कारण जुन्या नोंदी पुसल्या जातात. आणि तसं झालं तर कशालाही हात न लावता ११२. कीपॅडलाही नाही, ठसे असतात.