जर्मनीत बास्केटबॉल खेळायला यायचंय? आधी व्हिसाचं गणित मांड

तुझं म्हणणं असं: वय 25, महाराष्ट्राकडून दोनदा नॅशनल खेळलास, इथला चौथ्या लीगचा एक क्लब खोली आणि महिन्याला 500 युरो देतोय. चार-पाच वर्षं खेळून मग कोच व्हायचं. यावं का?

ये. पण खेळाडू म्हणून नको.

सगळ्यात वर बीबीएल, मग प्रो-आ, प्रो-बे आणि मग रेगिओनाललीगा, म्हणजे तुझी चौथी लीग, अशी इथली उतरंड. व्यावसायिक खेळाडू किंवा कोच म्हणून व्हिसा हवा असेल तर किमान पगाराची अट आहे: पेन्शन विम्याची वर्गणी जास्तीत जास्त ज्या पगारावर मोजतात, त्याच्या निम्मा. 2025 मध्ये तो आकडा कर कापण्याआधी महिन्याला 4025 युरो होता. तुझे 500 कुठे, ते कुठे! 'टूरिस्ट व्हिसावर ये, पुढचं बघू' असं क्लबवाला म्हणाला तर तिथेच रामराम कर. मध्ये एजंट पैसे मागत असेल तर त्यालाही.

मी मास्टर्ससाठी आलो आणि संध्याकाळी खेळलो. पाच वर्षांत तीन क्लब. तिसऱ्याने सीझनच्या मध्यात पैसे थकवले, नंतर गुडघाही गेला. तोवर 12 वर्षांखालची मुलं मात्र माझ्या हाती आली होती, आणि तीच टिकली. गावोगावच्या क्लबांना पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारा खेळाडू, मिळतो. मंगळवार-गुरुवारी पोरांना शिकवणारा माणूस मिळत नाही.

पहिल्याच मॅचला मी पोरांना टू-थ्री झोन लावला: बचावात पुढे दोघं, मागे तिघं, ज्याने त्याने आपली जागा राखायची. पंचांनी खेळ थांबवला. त्या वयात इथे झोनला बंदी आहे, मॅन-टू-मॅनच खेळायचं, एकेकाने एकेकाला धरायचं. आपल्याकडे शाळेच्या स्पर्धेत सर पहिलं हेच शिकवतात! त्यानंतर मुकाट्याने सी-लायसन्सला, म्हणजे कोचच्या परवान्याच्या कोर्सला, बसलो. 120 तासिका, सगळं जर्मनमध्ये. तेव्हा भाषेची सुरुवात तिथूनच कर, निदान बी-1, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत.

27 पूर्ण व्हायच्या आत असल्यामुळे तुला आणखी एक वाट आहे: एफएसजे, म्हणजे क्लबमध्ये वर्षभराची स्वयंसेवा. खिशापुरते पैसे मिळतात, विमा असतो आणि बहुतेकदा लायसन्सही त्याच वर्षात होतं. क्लबला 500 युरोंऐवजी हे विचार. सोबत खेळायचंच असेल तर आपल्या फेडरेशनकडून फिबाचं (बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेचं) लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे दुसऱ्या देशात खेळायला हरकत नसल्याचं पत्र, लागेल, त्याची खटपट आधीच सुरू कर.

2023 मध्ये मनिलात सर्बियाला 83-77 हरवून जर्मनी विश्वविजेता झाला, तेव्हा कोच होता गॉर्डन हर्बर्ट. कॅनडाचा माणूस, फिनलंडमध्ये खेळला, तिथेच कोचिंगला लागला, मग ऑस्ट्रिया, जर्मनी, फ्रान्स, ग्रीस असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरला. आणि तो तर 1984 चं ऑलिम्पिक खेळलेला. तू-मी नाही.

क्लबचं उत्तर आलं की करार पाठव, जर्मन मी वाचून देतो.