डॅन सिमन्सच्या ‘ड्रूड’ कादंबरीतलं किती खरं, किती कल्पित?

कादंबरीत इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्स ज्यात सापडतो तो रेल्वे अपघात शंभर टक्के खरा. ९ जून १८६५, केंटमधलं स्टेपलहर्स्ट. दुरुस्तीसाठी रूळ काढून ठेवले होते, मुकादमाने वेळापत्रक चुकीचं वाचलं आणि गाडी पुलावरून खाली गेली. दहा माणसं दगावली. डिकन्सचा डबा पुलावर लटकून राहिला. त्याने टोपीत पाणी भरून जखमींना पाजलं, मग लटकत्या डब्यात पुन्हा चढून हस्तलिखित आणलं.

सोबत त्याची प्रेयसी, अभिनेत्री एलन टर्नन आणि तिची आई होती. हे फुटू नये म्हणून चौकशीत साक्ष द्यायचं त्याने टाळलं. दहा मुलांची आई असलेल्या बायकोला, कॅथरीनला, तो १८५८ मध्येच वेगळं करून बसला होता, वर स्वतःच्या साप्ताहिकात खुलासाही छापला! अपराधीपणाला मालमसाला इथे भरपूर आहे.

अपघातस्थळी भेटणारा भुतासारखा ड्रूड मात्र निव्वळ कल्पना. शिवाय कथा सांगतो डिकन्सचा लेखकमित्र विल्की कॉलिन्स, आणि तो अफूच्या अर्काच्या आहारी गेला होता हे खरंच आहे, त्यामुळे त्याच्या शब्दावर किती विसंबायचं ते बघा. मला तर डिकन्सपेक्षा कॉलिन्सला त्याच्याबद्दल वाटणारा मत्सरच जास्त पटला. मधला भाग मात्र फार रेंगाळतो.