खेड्यातील तुटक इंटरनेटवर एपीआयच्या स्वयंचलित चाचण्या कमांड लाइनवरून कशा चालवाव्यात?

आपण लिहिले आहे की यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी राहून आपण एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या कापूस खरेदीच्या ॲपचा एपीआय (ॲप आणि सर्व्हर ज्यातून एकमेकांशी बोलतात तो दुवा) सांभाळता आणि प्रत्येक बदलानंतर पोस्टमन या एपीआय तपासण्याच्या साधनात एकेक रिक्वेस्ट (सर्व्हरकडे केलेली मागणी) हाताने पाठवून पाहता. हे काम कमांड लाइनवरून, म्हणजे टर्मिनलमध्ये दिलेल्या आज्ञेने, आपोआप व्हावे अशी आपली इच्छा आहे. परंतु लाईन आणि नेट या दोहोंचा भरवसा नसल्याने, चाचणी खरोखर नापास झाली की नुसते नेट गेले, हे ओळखायचे कसे, हा आपला प्रश्न आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका गावातून याच प्रकारचे काम करतो. माझ्या मते आपल्या प्रश्नाचा हा शेवटचा भागच साधन निवडण्याचा खरा निकष आहे, आणि त्या निकषावर मी आपल्याला हर्ल हे साधन सुचवीन.

पोस्टमनच्या चाचण्या कमांड लाइनवरून चालवणाऱ्या न्यूमनचा विचार आधी करणे योग्य होईल, कारण आपले कलेक्शन (रिक्वेस्टचा संच) पोस्टमनमध्येच आहे. नोड जेएस आणि एनपीएम बसवून न्यूमन घेतला, कलेक्शन व एन्व्हायर्नमेंट (पत्ता, टोकन अशा बदलत्या किमती) जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपातील फाइलींत निर्यात केले आणि 'न्यूमन रन' अशी आज्ञा दिली, की जुन्या चाचण्या चालू लागतात. ज्यांनी पोस्टमनमध्ये जावास्क्रिप्टच्या पुष्कळ चाचण्या लिहून ठेवल्या आहेत त्यांनी न्यूमन सोडू नये. मात्र न्यूमनमध्ये चाचणी चुकली तरी एक्झिट कोड (आज्ञा संपताना मागे राहणारा निकालाचा आकडा) १ मिळतो आणि सर्व्हरपर्यंत पोहोचताच आले नाही तरी १ च मिळतो. दोहोंतला फरक कळण्यासाठी त्याचा जेसन अहवाल उघडून वाचणारी आणखी एक स्क्रिप्ट लिहावी लागते. शहरातल्या अखंड नेटवर याने फारसे बिघडत नाही, आपल्याकडे मात्र रोज बिघडते.

हर्ल हे ऑरेंज या फ्रेंच दूरसंचार कंपनीने प्रसिद्ध केलेले मुक्त स्रोत साधन आहे. ते रस्ट भाषेत लिहिलेले असून आतून लिबकर्ल, म्हणजे कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या कर्ल या साधनाचाच गाभा, वापरते, त्यामुळे कर्ल वापरणाऱ्यास त्याची वागणूक ओळखीची वाटते. विंडोजवर 'विंगेट इन्स्टॉल हर्ल', मॅकवर 'ब्रू इन्स्टॉल हर्ल' आणि उबुंटूवर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या रिलीज पानावरील डेब फाइल, एवढ्यात ते बसते. नोडसारखे दुसरे काही आधी बसवावे लागत नाही आणि एकदा बसल्यावर पुन्हा नेटवरून काही ओढावे लागत नाही. हॉटस्पॉटच्या मोजक्या डेटावर काम करणाऱ्यासाठी ही सोय मोठी आहे. या उत्तरातील आज्ञा व पर्याय मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टंकावेत. आपल्या जुन्या रिक्वेस्ट हाताने उतरवण्याची गरज नाही. पोस्टमन प्रत्येक रिक्वेस्ट कर्लच्या आज्ञेच्या रूपात देतो आणि हर्लसोबत येणारे 'हर्लएफएमटी' हे साधन '--इन कर्ल' या पर्यायाने ती आज्ञा हर्लच्या रूपात बदलून देते.

हर्लची फाइल साध्या मजकुराची असते. पहिल्या ओळीत पद्धत व पत्ता, त्याखाली हेडर, त्याखाली पाठवायचा जेसन, मग 'एचटीटीपी' हा शब्द व अपेक्षित स्टेटस (सर्व्हरने उत्तरासोबत दिलेला निकालाचा क्रमांक), आणि शेवटी चौकटी कंसातील 'ॲसर्ट्स' या शीर्षकाखाली एकेका ओळीत एकेक अपेक्षा, असा तिचा क्रम असतो. आपल्या ॲपमधील काटा पावतीचेच उदाहरण घेऊ. भरगाडीचे वजन ३४१० किलो आणि रिकाम्या गाडीचे वजन २१७० किलो पाठवावे, स्टेटस २०१ (नवी नोंद झाली) अपेक्षावे, आणि जेसनपाथने, म्हणजे जेसनमधील नेमकी जागा दाखवणाऱ्या खुणेने, उत्तरातील निव्वळ वजन १२४० आहे का ते पाहावे. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये धरला, तर रक्कम १,००,५६४ रुपये यायला हवी. ही दुसरी अपेक्षा. वजन किलोत आणि पैसे पैशांत, असे दोन्ही पूर्णांकात ठेवावेत असा माझा आग्रह आहे, कारण क्विंटलचे दशांश फ्लोट या अपूर्णांकाच्या प्रकारात वजा केले की शेवटी बारीक शेपूट उरू शकते आणि बरोबर पावतीही चाचणीत नापास ठरते. हर्ल अंक आणि मजकूर यांत भेद करते. सर्व्हरने १२४० ही संख्या अवतरणचिन्हांत पाठवली तर चाचणी नापास होईल, आणि ते योग्यच आहे, कारण मोबाइलवरील ॲप अशाच ठिकाणी अडखळते. हमीभाव फाइलमध्ये कोरून ठेवू नये. २०२४-२५ मध्ये हाच भाव ७,५२१ रुपये होता आणि प्रत्येक हंगामात तो बदलू शकतो, म्हणून भाव, पत्ता व टोकन यांच्या जागी दुहेरी महिरपी कंसात चलाचे नाव लिहावे आणि किमती '--व्हेरिएबल्स-फाइल' या पर्यायाने वेगळ्या फाइलमधून द्याव्यात.

चाचणी '--टेस्ट' या पर्यायासह चालवली की हर्ल प्रत्येक फाइलचा निकाल दाखवते आणि शेवटी एक्झिट कोड मागे ठेवते. ० म्हणजे सर्व ठीक. १ म्हणजे आज्ञेतील पर्याय चुकला, २ म्हणजे चाचणीची फाइलच चुकीची लिहिली गेली. ३ म्हणजे रिक्वेस्ट पार पडली नाही: नाव सापडले नाही, जोडणी झाली नाही, वेळ संपली, किंवा एखाद्या चलाची किंमत द्यायची राहिली. ४ म्हणजे उत्तर आले, पण ते अपेक्षेप्रमाणे नाही. आपल्याला हवा असलेला भेद ३ आणि ४ यांमध्ये तयार मिळतो. ४ आला तर आपल्या एपीआयकडे पाहावे. ३ आला तर नोंद ठेवून काही वेळाने पुन्हा चालवावे. उबुंटूवर बॅशमध्ये आणि विंडोजवर बॅच फाइलमध्ये हा निर्णय चार-पाच ओळींत लिहिता येतो. दोन बारकावे मात्र लक्षात ठेवावेत. अनेक फाइली एकत्र चालवल्या आणि एकीत ३ चा व दुसरीत ४ चा दोष निघाला, तर शेवटी ३ च मिळतो, म्हणून ३ आल्यावरही '--रिपोर्ट-एचटीएमएल' ने तयार झालेला अहवाल नजरेखालून घालावा. दुसरे असे की आपला सर्व्हर बंद पडला तरी ३ च येतो. यासाठी मी आधी एकच रिक्वेस्ट असलेली एक छोटी फाइल चालवतो, जी सहसा बंद न पडणाऱ्या बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळाला हाक मारते. तीही अडली तर दोष गावातल्या नेटचा; ती पार झाली आणि आपली अडली तर दोष सर्व्हरचा.

'--कनेक्ट-टाइमआउट' आणि '--मॅक्स-टाइम' हे पर्याय आपण स्वतः सेकंदांत ठरवून द्यावेत, नाही तर टॉवर हरवलेल्या वेळी चाचणी बराच काळ तशीच ताटकळत राहते. आणखी एक धोका असा की डेटा संपल्यावर किंवा भरणा थकल्यावर काही जोडण्या कोणत्याही साध्या एचटीटीपी पत्त्याला स्वतःचे रिचार्जचे पान दाखवतात, आणि त्या पानाचे स्टेटसही २०० असू शकते. म्हणून केवळ स्टेटस तपासून थांबू नये. कंटेंट-टाइप या हेडरमध्ये 'ॲप्लिकेशन/जेसन' आहे, ही अपेक्षा प्रत्येक रिक्वेस्टखाली लिहावी. एचटीटीपीएस असेल तर असे परके पान प्रमाणपत्राच्या तपासणीतच अडते आणि ३ मिळतो. याच कारणासाठी '--इन्सिक्युअर' हा पर्याय कितीही सोयीचा वाटला तरी वापरू नये.

आता पुन्हा प्रयत्न करण्याविषयी, कारण तुटक नेटवर सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. हर्लमध्ये '--रिट्राय' हा पर्याय आहे आणि तो संपूर्ण आज्ञेला लावण्याचा मोह होतो. तसे करू नये. तो जोडणीच्या दोषावर तर पुन्हा प्रयत्न करतोच, पण अपेक्षा चुकल्यावरही करतो, त्यामुळे चौथ्या खेपेला नशिबाने पास झालेली चाचणी आपल्याला पास म्हणून दिसते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की पावती तयार करणारी पोस्ट रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोहोचून नोंद झालेली असते, फक्त परतीचे उत्तर वाटेत हरवते, आणि पुन्हा पाठवल्यावर त्याच गाडीची दुसरी पावती तयार होते. म्हणून रिट्राय फक्त माहिती मागणाऱ्या गेट रिक्वेस्टवर, त्या रिक्वेस्टपुरत्या 'ऑप्शन्स' विभागात लिहावा.

हा प्रसंग केवळ चाचणीत घडत नाही. काट्यावर बसलेला माणूस बटण दाबतो, चक्र फिरत राहते, मागे गाड्यांची रांग असते, आणि तो पुन्हा बटण दाबतो. एका शेतकऱ्याच्या नावावर दोन पावत्या, दुप्पट वजन आणि पुढे चुकाऱ्याच्या वेळी वाद, हे सगळे त्या एका दाबण्यातून उभे राहते. आपल्या संपूर्ण संचात एकच चाचणी मन लावून लिहायची असेल तर ती याची लिहावी. मोबाइलवरील ॲपने प्रत्येक पावतीसाठी एक अनन्य क्रमांक आधीच तयार करून तो हेडरमध्ये पाठवावा. आयडेम्पोटन्सी-की या नावाने ही पद्धत सर्वत्र ओळखली जाते. मग एकाच हर्ल फाइलमध्ये तीच पोस्ट रिक्वेस्ट त्याच क्रमांकासह लागोपाठ दोनदा लिहावी. पहिलीखाली २०१ अपेक्षावे आणि 'कॅप्चर्स' विभागात पावतीचा क्रमांक चलात टिपून घ्यावा. दुसरीखाली आपण ठरवलेले स्टेटस अपेक्षावे. मला २०० आणि पहिलीच पावती परत देणे बरे वाटते, कारण त्यामुळे काट्यावरच्या माणसाला चुकीचा संदेश दिसत नाही. दुसऱ्या उत्तरातील क्रमांक टिपलेल्या क्रमांकाएवढाच आहे हे तपासावे, आणि शेवटी गेट रिक्वेस्टने त्या गाडीच्या पावत्या मागवून त्यांची संख्या १ आहे अशी अपेक्षा लिहावी. ही फाइल चालू ॲपवर कधीही चालवू नये. चाचणीसाठी वेगळा डेटाबेस ठेवावा आणि त्यातून कोणाच्याही मोबाइलवर एसएमएस जाणार नाही याची खात्री करावी.

एका फाइलमधील रिक्वेस्ट क्रमाने चालतात, परंतु '--टेस्ट' मध्ये वेगवेगळ्या फाइली हर्लच्या आवृत्ती ५ पासून एकाच वेळी चालतात, आणि एका फाइलमध्ये टिपलेले चल दुसरीत दिसत नाही. म्हणून लॉगिन आणि त्यावर अवलंबून असलेले काम एकाच फाइलमध्ये असावे. जुन्या लॅपटॉपवर किंवा एकाच डेटाबेसवर फाइली एकमेकींच्या पायात येत असतील तर '--जॉब्स १' द्यावे.

मराठी मजकुराविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण ती इंग्रजी माहितीत सहसा सापडणार नाही. 'शेतकऱ्याचे नाव' यातील 'ऱ्या' युनिकोडमध्ये तीन प्रकारे टंकला जाऊ शकतो: स्वतंत्र ऱ वापरून, र ला नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, पण बाइट वेगळे असल्याने हर्लच्या दृष्टीने ते तीन वेगळे शब्द आहेत. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगळी रूपे एकसारखी करण्याच्या पद्धतीने) एक होतात. तिसरा होत नाही, तो सर्व्हरवर आपल्या कोडने बदलावा लागतो. तिन्ही प्रकारे लिहिलेले एकच नाव पाठवून शोधात तीच नोंद मिळते का, ही चाचणी अवश्य लिहावी, कारण मापाऱ्याचा मोबाइल आणि कार्यालयातील संगणक यांचे कीबोर्ड क्वचितच एकसारखे असतात.

शेवटी या चाचण्या कोठे चालवाव्यात, हे सांगतो. कोड लिहिताना सर्व्हर आपल्याच लॅपटॉपवर चालवून त्यावर संपूर्ण संच चालवावा. यासाठी नेट लागतच नाही. कोड गिटहबवर असेल तर प्रत्येक बदलानंतर गिटहब ॲक्शन्समध्ये, म्हणजे गिटहबच्या सर्व्हरवर आपोआप, तोच संच चालू द्यावा. एक्झिट कोड शून्य नसला की ती पायरी आपोआप नापास ठरते. उत्तर किती मिलिसेकंदांत आले, ही अपेक्षा फक्त तेथेच लिहावी, गावातून ती रोज वेगवेगळा निकाल देईल. गावातून मात्र फक्त वाचणाऱ्या रिक्वेस्टचा एक लहान संच क्रॉनवर (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी लिनक्समधील सोय) किंवा विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावावा, म्हणजे काट्यावरच्या माणसाला प्रत्यक्षात काय अनुभव येतो ते समजते. ॲक्शन्समध्ये वेळापत्रक लावताना वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे धरून लिहावी: सकाळी सहाला चाचणी हवी असेल तर तेथे ००:३० ही वेळ धरावी. गर्दीच्या वेळी ती थोडी उशिरानेही सुरू होते, म्हणून काटा सुरू होण्याच्या पुरेशी आधीची वेळ निवडावी.