एकटं वचन उचलू नकोस

बाळ,

तुझा गोंधळ वाचला. बायबलातल्या नीतिसूत्रे या पुस्तकात ३:५ (तिसरा अध्याय, पाचवं वचन) म्हणतं, आपल्याच बुद्धीवर विसंबू नको. पुढच्याच अध्यायात ४:७ म्हणतं, असेल नसेल ते घालव पण सुज्ञता मिळव. चर्चच्या तरुण संघात यातलं कुठलं सांगू, असं विचारतेस. दोन्ही सांग, पण आधी ३:५ च्या खाली ३:७ पर्यंत उतर. स्वतःच्याच नजरेत शहाणा होऊ नको, असं तिथे लिहिलंय. म्हणजे तक्रार बुद्धीबद्दल नाही, कुणाचंच न ऐकणाऱ्या बुद्धीबद्दल आहे. शेजारची दोन वचनं वाचली असतीस तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं.

एकटं वचन उचलू नकोस. रोज एक अध्याय, महिन्यात ३१, ही सवय पहिल्या नऊ अध्यायांना ठीक. तिथे बाप मुलाला सलग समजावतोय. १०:१ ते २२:१६ मध्ये मात्र सुटी ३७५ सूत्रं आहेत. दिवसाला तीसेक डोळ्यांखालून गेली की एकही लक्षात राहत नाही. तिथे पाचच घे आणि वहीत विषयवार लाव: पैसा, जीभ, राग, आळस.

पैशाचं पान उघड. १०:४, उद्योगी हात धनवान करतो. इथेच थांबलीस तर प्रत्येक गरीब आळशी ठरतो. म्हणून त्याखाली १३:२३ हवं: गरिबाच्या शेतात भरपूर पिकतं, पण अन्यायापायी जातं. आता १०:१५, श्रीमंताचं धन हे त्याचं तटबंदीचं शहर. १८:११ मध्ये हाच पूर्वार्ध हिब्रूत शब्दशः परत येतो, उत्तरार्ध मात्र फिरतो: उंच भिंत खरी, पण त्याच्या कल्पनेतली. आणि लगेच वर, १८:१० मध्ये, बळकट बुरूज आहे परमेश्वराचं नाव. रचणाऱ्यांना ही विसंगती दिसली नसेल? अगं, २६:४ आणि २६:५ त्यांनी एकाखाली एक ठेवलीत: मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि दे. कधी कुठलं, हे तू ओळखायचंस.

ईयोबाच्या पुस्तकात, जिथे निर्दोष ईयोबावर संकटं कोसळतात, एकटं वचन उचलायची ही घाई माणसाला जखमी करते. ‘तुझा आरंभ अल्प, पण शेवट मोठा’ हे ८:७ लोक हौसेनं भिंतीवर लावतात. बोलतोय बिल्दद, ईयोबाचा मित्र! तीनच वचनं आधी तो दहा मुलं गमावलेल्या ईयोबाला सुचवतोय की पोरांनी पाप केलं, ते भोगलं. ४२:७ मध्ये देव अलीफजावर आणि त्याच्या दोघा मित्रांवर रागावतो, माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत म्हणून. तेव्हा समासात पेन्सिलीनं अध्यायाचा वक्ता लिही: ४-५ अलीफज, ८ बिल्दद, ११ सोफर, ३२ ते ३७ अलीहू. मित्रांचं प्रत्येक वाक्य खोटं नाही. चुकीच्या माणसाला लावलेलं आहे, हीच गोम.

मी वचनाचा रस सांगायचं सोडून पत्ता विचारत बसतो, असं लोक म्हणतात. विचारणारच. पत्ता नसलेलं वचन दुसऱ्याच्या डोक्यात घालायला फार सोपं असतं.

वीस मिनिटं असतील तर १०:१५ आणि १८:१०-११ एवढंच फळ्यावर शेजारी शेजारी लिही. ईयोब २८:२८ (प्रभूचं भय हेच ज्ञान) घ्यायचंच असेल तर पहिल्या अकरा वचनांपासून सुरू कर, जिथे माणसं खाणीत लोंबकळत चांदी-सोनं शोधतात. आणि वचन १२ व २० मधला जवळजवळ तोच प्रश्न, ज्ञान कुठे सापडेल, दोन्ही वेळा मुलांकडून मोठ्यानं वाचून घे.